लपण्याचा फासा किती वेळा टाकायचा? स्टेल्थचे नियम सोपे करायला मदत हवी

जिन्यातला_दिवा
नमस्कार. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, दौलतगंजला आमच्या घरी दर रविवारी दुपारी डी अँड डीचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, पात्रं घेऊन फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ) डाव बसतो. खेळणारे पाच, डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारी, मी. नियम पाचव्या आवृत्तीचे, 2014च्या पुस्तकातले. सव्वा वर्षापासून एकच मोहीम चालू आहे आणि पोरं एकही रविवार चुकवत नाहीत, म्हणून हा प्रश्न मला मनापासून सोडवायचा आहे.

गेल्या रविवारी गटाला एका किल्लेदाराच्या वाड्यातून सनद पळवायची होती. मागचं अंगण, दोन पहारेकरी, एक कुत्रं. दोन दिवस आधीपासून व्हॉट्सअ‍ॅपवर आखणी चालली होती. वाड्याचा नकाशा चौकटीच्या वहीत काढून आणला होता, विहीर आणि गोठासुद्धा दाखवला होता. मी सगळ्यांना स्टेल्थचा, म्हणजे लपून जाण्याचा, वीस बाजूंचा फासा टाकायला सांगितला. चोर 23, रेंजर 17, जादूगार 14, पुजारी 9. पॅलाडिन म्हणजे धर्मयोद्धा, त्याच्या अंगावर प्लेटचं चिलखत, म्हणजे दोन फासे टाकून लहान आकडा धरायचा. आला 4. बोंब झाली आणि पुढचा सव्वा तास मारामारी. तो नकाशा कुणी परत उघडलासुद्धा नाही.

त्याच्या आधीच्या वेळी हेच होऊ नये म्हणून त्यांनी पॅलाडिनला बाहेर घोड्यांपाशी ठेवलं होतं. तो खेळणारा मुलगा फर्स्ट इयरला आहे. तासभर गच्चीच्या दाराशी बसून फोन बघत होता. मला ते बघवलं नाही.

सगळे गेले तर पकडले जातात, एकटा चोर गेला तर चौघे बसून राहतात. तुमच्याकडे काय करता?

गजकपट्टी
पॅलाडिनला चिलखत काढून जायला सांगा ना.

नियमावली
@गजकपट्टी, काढायला 5 मिनिटं, परत चढवायला 10. आत मारामारी झाली तर तो बनियनवर लढणार.

गजकपट्टी
आमच्याकडे मे महिन्यात तेच बरं पडेल.

आकडेमोड
ताई, तुमच्या गटाचं गणित मांडून बघितलं. पहारेकऱ्याचा पॅसिव्ह पर्सेप्शन, म्हणजे त्याला फासा न टाकता चाहूल लागायचा आकडा, 12 धरतो, पुस्तकातल्या साध्या पहारेकऱ्याचा तेवढाच असतो. चोराला फाशाच्या आकड्यावर +7 मिळत असतील तर पास व्हायची शक्यता 80 टक्के, रेंजर +5 म्हणजे 70, जादूगार +2 म्हणजे 55, पुजारी +0 म्हणजे 45. पॅलाडिनला -1 आणि वर दोन फाशांतला लहान, म्हणजे 16.

आता पाचही जण पास व्हायलाच हवेत, असा नियम धरला तर हे सगळे आकडे एकमेकांनी गुणायचे. उत्तर येतं साधारण 2 टक्के. पन्नासात एकदा. पॅलाडिनला घरी ठेवलं तरी 14 टक्केच. म्हणजे फासा टाकायच्या आधीच योजना फसलेली होती. पोरांची आखणी चांगली की वाईट, याचा त्यात काही संबंधच नव्हता.

जिन्यातला_दिवा
2 टक्के! सव्वा वर्ष मी त्यांना हे करायला लावते आहे. मला वाटायचं यांचं नशीबच खराब.

नियमावली
पण ताई, पाचही जणांनी पास व्हायला हवं असं पुस्तकात नाहीच. 2014च्या पुस्तकात गटाच्या चाचणीचा नियम आहे: सगळ्यांनी फासा टाकायचा, निम्मे किंवा जास्त पास झाले तर अख्खा गट पास. पटाईत माणूस कच्च्याला सांभाळून नेतो, ही त्यामागची कल्पना. तुमच्या अंगणात तिघे पास झाले होते, म्हणजे गट पास.

दुसरी गोष्ट, अंगणात उजेड किती होता? मशालीचा लख्ख उजेड 20 फूट, त्यापुढे आणखी 20 फूट अंधूक. अंधूक उजेडात डोळ्यांनी बघायच्या चाचणीला अडथळा येतो आणि पॅसिव्ह आकडा 5ने उतरतो, म्हणजे 12चा 7. तुमच्या पुजाऱ्याचे 9सुद्धा तिथे चालले असते. अंधारात पाहू शकणाऱ्या जातींनाही पूर्ण काळोखात हेच लागू आहे, कारण त्यांना काळोख अंधूक उजेडासारखा दिसतो, लख्ख नाही. हे फार टेबलांवर विसरतात.

जिन्यातला_दिवा
एकच मशाल होती, पुढच्या दाराशी. मी विसरले.

आकडेमोड
निम्म्यांच्या नियमाने 12च्या समोर तुमचा गट 57 टक्के वेळा पास होतो. 2 वरून 57. पण एक इशारा: अंगणात एकदा, जिन्यावर एकदा, दालनाच्या दाराशी एकदा असा तीनदा फासा मागितलात, तर 57 टक्के तीनदा गुणून 19च्या खाली येतं. माझ्या मते खरा घोटाळा इथेच होतो. डीएम "आता परत टाक" म्हणतो तेव्हा त्याला वाटतं आपण रंगत वाढवतोय.

लंगडी_पळती
ताई, मी तुमच्याच टेबलावरची चोर. मला हे पटत नाहीये आणि इथे स्पष्ट बोलते. मी दुसऱ्या पातळीपासून सगळं लपण्यावर खर्च केलं आहे. माझे 23 आले आणि पॅलाडिनचे 4 आले, दोघांचं एकेकच मत. निम्म्यांच्या नियमात 23 आणि 12 यांत फरकच उरत नाही. मग मी चोर कशाला व्हायचं? सगळ्यांना सोपं करायच्या नादात माझं काम पुसून टाकू नका.

जिन्यातला_दिवा
बरोबर बोललीस. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

धुकं_जानेवारीचं
विषयांतर करतो. तुम्ही सगळे "चोर" लिहिता ते फार बरं. आमच्या मुरारच्या गटात एकाने पात्राच्या कागदावर चोराचं इंग्रजी नाव Rogue हे देवनागरीत "रोग" असं लिहिलं होतं. त्याच्या आजीने कागद बघितला आणि दोन दिवस काढा पाजला.

गजकपट्टी
😄 आणि पातळी तीन लिहिलं असेल तर आजी घाबरणारच.

सव्वाशेर
माझा सूर वेगळा आहे, ऐकून घ्या. 1974 साली हा खेळ निघाला तेव्हा चोर हा वर्गच नव्हता. तो 1975च्या पुरवणीत आला. त्याआधी लोक लपत नव्हते का? लपत होते. कसं लपतो ते सांगायचे आणि डीएम ठरवायचा. 1981च्या नियमांत पहिल्या पातळीच्या चोराला सावलीत लपायची शक्यता 10 टक्के होती! म्हणजे आकडा आला आणि लपणं अवघड झालं. 2000च्या आवृत्तीत लपणं वेगळं, चाहूल न देता चालणं वेगळं, बघणं वेगळं, ऐकणं वेगळं. एका खोलीतून जायला दोन फासे तुमचे, दोन समोरच्याचे. 2008मध्ये ते एकत्र आले, ते चांगलं झालं.

मी 1990च्या दशकाच्या शेवटी इंजिनिअरिंगला असताना झेरॉक्सच्या पानांवर शिकलो. आम्ही आजही फासा शेवटी टाकतो. आधी विचारतो: कुठून जाता? पायांत काय? पहारेकरी कुठे बघतोय? उत्तर चांगलं असेल तर फासा नाहीच. ताईंच्या पोरांनी विहीर आणि गोठा दाखवलेला नकाशा काढला होता. गोठ्यातून गेलो असं ते म्हणाले असते तर मी फासाच मागितला नसता. म्हशींच्या आवाजात चिलखत कुणाला ऐकू येतंय?

नियमावली
काका, मग बोलका खेळाडू नेहमी जिंकणार आणि लाजरा हरणार. ज्याला बोलणं जमत नाही त्याच्यासाठीच फासा आहे. बाय द वे, 2024च्या नव्या पुस्तकात हे बरंच बांधून दिलंय: आडोसा हवा, शत्रूच्या नजरेबाहेर हवं, आणि 15चा आकडा गाठायचा. गाठला तर तुमची जी बेरीज आली, तोच तुम्हाला शोधणाऱ्यासाठी आकडा. अचानक हल्ल्यात समोरच्याची पाळी पूर्वीसारखी बुडत नाही, फक्त पाळी ठरवायचा फासा त्याला वाईट पडतो.

सव्वाशेर
लाजऱ्या मुलाला डीएमने दोन प्रश्न विचारावेत, तो बोलतो. मी असे तीन पाहिलेत. 15 मला मान्य नाही. झोपलेल्या पहारेकऱ्याला पण 15 आणि जागत्याला पण 15?

धुकं_जानेवारीचं
दोघांच्या मधलं सांगतो. आमच्या कॉलनीत रात्री चौकीदार फिरतो. दर विजेच्या खांबावर काठी आपटतो, कोपऱ्यावर एक शिट्टी. अंथरुणात पडल्या पडल्या मला कळतं तो कितव्या गल्लीत आहे. टण् जवळ आलं, टण् लांब गेलं, मग तीनेक मिनिटं काही नाही, तेव्हा तो शेकोटीपाशी बसलेला असतो. थंडीत धुकं असलं की खांब दिसत नाही पण काठी ऐकू येतेच.

मी हेच टेबलावर करतो. पहारा सुरू झाला की पेन्सिलीने टेबलावर टक, टक. पोरं आपोआप गप्प होतात आणि मोजायला लागतात. ज्याने फेरी मोजली आणि सांगितलं "आता जातो", त्याला मी सवलत देतो, म्हणजे दोन फाशांतला मोठा. बोलकं असायची गरज नाही, ऐकायची आहे.

लंगडी_पळती
हे मला फार आवडलं. ताई, पेन्सिल!

उरवाई
जिन्यातला_दिवा, तुम्ही दौलतगंजात म्हणजे गच्चीवरून किल्ला दिसत असेल. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्याच भिंतीवर घडून गेलेलं आहे. मी निवृत्त माणूस आहे, हा तुमचा खेळ नातवामुळे माहीत झाला. थोडं लांबेल, वाचा.

3 ऑगस्ट 1780ची रात्र. किल्ला शिंद्यांकडे. कंपनीचा कॅप्टन पॉफम चढाईला आलेला, वाट दाखवायला गोहदच्या राण्याची माणसं. शिपायांसाठी लोकरीच्या कापडाचे जोडे शिवून त्यांत कापूस भरला होता, पाय घसरू नये म्हणून. आघाडीला कॅप्टन ब्रूस आणि 20 शिपाई. ते कड्याच्या पायथ्याशी पोचले तर वर तटावरून गस्तीचे दिवे सरकत होते आणि पहारेकरी खोकत होते. तेव्हा खोकून "सगळं ठीक" कळवायची रीत होती. हे खाली अंधारात थांबून राहिले. दिवे गेले, मग शिड्या लावल्या. आधी 16 फुटांचा कडा, मग उभा चढ, मग 30 फुटांची भिंत.

आता ऐका. वर पोचल्यावर काही शिपायांनी उतावीळपणे जवळच झोपलेल्या पहारेकऱ्यांवर गोळ्या झाडल्या! तुमच्या भाषेत फासा 4 आला. किल्ला जागा झाला, माणसं आवाजाच्या दिशेने धावली. पण ज्यांना गोळ्या लागल्या ते जागीच मेले होते, त्यामुळे वर किती शत्रू आलेत हे सांगायला कुणीच नव्हतं. धावून आलेले लोक त्या मूठभर शिपायांच्या गोळीबारापुढे थबकले, आणि तेवढ्यात पॉफम मागची कुमक घेऊन वर आला. किल्ला गेला.

आपल्या बाजूने ही दुःखाची गोष्ट आहे, मला सांगताना आजही वाईट वाटतं. पण तुमच्यासाठी मुद्दा हा: आवाज झाला म्हणजे समोरच्याला सगळं कळलं असं नाही. आवाज कुठून, माणसं किती, आपली की परकी, हे कळायला वेळ लागतो. तो वेळ तुमच्या खेळात कुठे आहे? तुम्ही 4 आला की लगेच बोंब करता.

सव्वाशेर
काका, नमस्कार करतो. हा धागा इथेच सार्थकी लागला.

आकडेमोड
म्हणजे पास-नापासच्या मध्ये पायऱ्या हव्यात.

नियमावली
हे मलाही मान्य. पुस्तकात या मधल्या पायऱ्या नाहीत, डीएमने घालायच्या.

धुकं_जानेवारीचं
उरवाई काका, माझे आजोबा खोकल्याची गोष्ट वेगळी सांगायचे. जुन्या घरात पुरुष माणूस माजघरात यायच्या आधी उंबऱ्याशी खाकरायचा. तेही "मी आहे, परका नाही" हेच.

उरवाई
अगदी तेच.

जिन्यातला_दिवा
मंडळी, दोन रात्री बसून जुळवलं. लहानपणी दौलतगंजच्या गल्लीत लपाछपी खेळायचो त्यातलेच शब्द घेतले, कारण ते मुलांना समजावून सांगावे लागत नाहीत.

एका जागेला एकच फासा. जागा म्हणजे अंगण, जिना, दालन असं नाही, "वाड्यात शिरून सनदेपर्यंत पोचणं" ही एक जागा. काही मोठं बदललं, म्हणजे नवा पहारा आला किंवा उजेड झाला, तरच दुसरा. फासा टाकायच्या आधी प्रत्येकाने एका वाक्यात सांगायचं की आपला आवाज कसा सांभाळतो. सांगितलं तर चिलखताचा अडथळा नाही, एकच फासा. हे सव्वाशेर काकांचं. वाक्य एकच, म्हणजे लाजऱ्यालाही जमेल.

निम्मे पास तर गट पास. पण चोराचा आकडा 20 किंवा वर गेला, तर ती एका नापास सोबत्याला हात धरून पलीकडे नेते, तो पास धरायचा. @लंगडी_पळती, हे तुझ्यासाठी.

गट नापास झाला तरी बोंब नाही. पहारेकरी एक पायरी वर चढतो: निवांत, मग कान टवकारलेला, मग शोधायला निघालेला, आणि मग "राज्य", म्हणजे त्याने पाहिलं. प्रत्येक पायरीवर गटाला एक गोष्ट करायची संधी. आणि त्याने बघायच्या आधी चोर त्याच्या पाठीशी पोचली तर धप्पा, चोरट्या हल्ल्याचे जास्तीचे फासे.

लंगडी_पळती
धप्पा!! मंजूर. मंजूर. मंजूर.

आकडेमोड
हात धरायच्या नियमाने 57चे 68 टक्के होतात, आणि हे पॅलाडिनचा अडथळा तसाच धरून. पुरेसं सोपं, पण तीनात एकदा तरी गडबड होणार. मला हे प्रमाण चांगलं वाटतं. एकच सांभाळा, सोबत 'पास विदाऊट ट्रेस' मंत्र असेल तर सगळ्यांना +10 मिळतात, मग फासा टाकायची गरजच राहत नाही.

नियमावली
तो मंत्र दुसऱ्या पातळीचा आहे, खर्च होतो. खर्च केला तर पळू द्या त्यांना.

गजकपट्टी
कुत्र्याचं काय? पहिल्या पोस्टमध्ये कुत्रं होतं. सगळे पहारेकऱ्यावर बोलले, कुत्र्याला कुणी विचारलंच नाही.

नियमावली
अरे हो. मॅस्टिफ जातीच्या कुत्र्याचा पॅसिव्ह 13, आणि नाक-कान तीक्ष्ण असल्यामुळे वास किंवा आवाजाच्या बाबतीत +5, म्हणजे 18. अंधाराचा त्याला काही फरक पडत नाही. 12चा पहारेकरी हा त्याच्यापुढे आंधळाच.

जिन्यातला_दिवा
रविवारचा वृत्तांत. तोच वाडा परत खेळलो, पोरांनीच मागितला.

प्रत्येकाने आपलं वाक्य सांगितलं. पुजारी म्हणाला, जपमाळ मुठीत घट्ट. पॅलाडिन खेळणारा मुलगा गप्प होता. मग म्हणाला, घोड्याच्या अंगावरची घोंगडी फाडून सांध्यांमध्ये कोंबतो. उरवाई काकांची गोष्ट मी त्यांना सुरुवातीला सांगितली होती. मी पेन्सिलीने टक टक करत होते आणि पाच जण डोकी जवळ घेऊन मोजत होते. खालून भाजीवाला ओरडला तर रेंजरने त्याच्याकडे रागाने बघितलं.

फासा वाईट पडला. चोर 15, रेंजर 8, जादूगार 6, पुजारी 13, पॅलाडिन 9. दोनच पास. पहारेकऱ्याचे कान टवकारले. मी पहारेकऱ्याच्या आवाजात वरून विचारलं, "कोण आहे रे खाली?" आणि हात घड्याळावर ठेवला. चोर माझ्याकडे बघते, जादूगार कागद चाळतोय.

आणि पॅलाडिन खोकला. तोंडासमोर मूठ धरून, आजोबांसारखा, दोनदा.

मी काहीच बोलू शकले नाही. पहारेकरी वरून खोकला आणि पुढे गेला. पुढे सनद मिळाली, दालनात एक धप्पाही झाला, पण नंतर चहा पिताना सगळे त्या खोकल्याचंच बोलत होते. त्या मुलाने आज फोन दप्तरातून काढला नाही.

उरवाई
नातवाला वाचून दाखवलं. आम्ही दोघेही खोकलो.

चिलखतवाला
तो मीच. इथे खातं आजच उघडलं. ताईंनी सांगितलं नाही, पण मी खोकण्याआधी तिसऱ्या काठीची वाट बघत होतो, नाहीतर गस्तवाल्याची वेळ जुळली नसती.

धुकं_जानेवारीचं
शाब्बास रे.

गजकपट्टी
आणि कुत्रं?

जिन्यातला_दिवा
कुत्र्यापुढे त्यांनी गोठ्यातून शेण आणून अंगाला लावलं. मी 18चे 13 केले. पण वारा कुठून वाहतोय हे कुणी विचारलं नाही, आणि मीही ठरवलं नव्हतं. कुणाकडे वाऱ्याचा सोपा नियम आहे का?

सव्वाशेर
आहे. सेशन सुरू होताना टेबलाच्या मध्यभागी चार बाजूंचा फासा टाका आणि तो दिवसभर तसाच ठेवा. एक उत्तर, दोन पूर्व, तीन दक्षिण, चार पश्चिम. कुणी विचारलं तर दाखवायचं. कुणी विचारलं नाही तर कुत्र्याला माहीत असतंच.